म्हात्रेसाहेबांचं जांभळं कोरल

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी देवळात गेले तरी आधी चपला कुठे काढल्यात ते दोनदा बघते आणि मग देवाकडे. त्यात खोटं काही नाही. संशय घेणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. मी लोकांच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत बंगले आहेत, हॉटेलं आहेत, एक-दोन दवाखानेही आहेत. टाकीतलं जनावर आजारी पडलं तरी कण्हत नाही. मालकाला विचारावं तर तो म्हणतो, "आम्ही कशालाच हात लावला नाही हो." हे वाक्य कानावर पडलं की मी समजते, हात लावलाय.

मी मूळची श्रीवर्धनची. लग्नानंतर कुर्ल्याला गेले, तिथे शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला लागले आणि काम शिकले. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर आम्ही गावी परतलो. त्याने रिक्षा घेतली. त्या रिक्षात मागच्या सीटवर माझे पाण्याचे कॅन असतात आणि पुढे मी. लोक मला 'टाकीवाली शैला' म्हणतात, आणि नवीन माणूस हमखास गच्चीवरची टाकी धुवायला बोलावतो. एकदोनदा मी धुऊनही दिली आहे.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो. समोर एवढा दर्या पसरलाय आणि तुम्ही मीठ विकत आणून खारं पाणी बनवता? बनवते. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात खाडीचा गाळ असतो, बोटींचं डिझेल असतं, आणि पावसाळ्यात तर ते निम्मं गोडंच होऊन जातं. कोरलला असलं पाणी चालत नाही. म्हणून मी गाळून गाळून निर्मळ केलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवते आणि मग ते रिक्षात घालून समुद्राच्या कडेकडेने नेते. कोळणी मला हसतात. हिरूही हसली होती. हा लेख मी लिहायला घेतला तो त्या हिरूमुळेच, पण तिच्याकडे येण्याआधी कोरल म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

कोरल हा दगड नाही आणि झाडही नाही. ते जनावर आहे, एका जागी बसून राहणारं. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरलला खाऊ घालतं. भाडेकरूने भाड्याऐवजी रोज जेवणाचा डबा द्यावा तसा हा व्यवहार आहे. शेवाळ तपकिरी असतं. जांभळा, हिरवा, गुलाबी हा कोरलचा स्वतःचा रंग. उजेड भरपूर आणि पाणी स्वच्छ असलं की शेवाळ बेताने राहतं आणि वरचा रंग खुलतो. उजेड कमी पडला की आहे त्या उजेडात भागवायला शेवाळ वाढतं, आणि सगळं कोरल तपकिरी दिसू लागतं. फारच हाल झाले तर कोरल शेवाळालाच अंगाबाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. तपकिरी कोरल जगतं, फक्त ओळखू येत नाही. पांढरं पडलं की मग मी घाबरते.

ते हलत नाही म्हणून गरीब आहे असंही समजू नका. शेजारी जवळ आला की ते लांब धागे बाहेर काढतं आणि त्याला डसतं. अंधार पडला की हे धागे जास्त लांबतात. डसलेल्या जागी शेजाऱ्याची कडा पांढरी होते. अलिबागकडच्या एका हॉटेलमालकाने मुलीच्या साखरपुड्याला टाकीतली सगळी कोरलं रंगांच्या क्रमाने एकमेकांना चिकटवून मांडली, रांगोळीसारखी. फोटो सुंदर आले. पुढच्या आठवड्यात निम्म्यांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. मालकाचा संशय आचाऱ्यावर, आचाऱ्याचा माळ्यावर, कोणी म्हणे फिनेल पडलं, कोणी म्हणे मांजर. मी सगळ्यांना एकमेकांपासून वीतभर लांब बसवलं आणि भांडण थांबलं. कोरलांचं थांबलं. माळी आणि आचारी अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

आणखी एक. आपल्या समुद्रातलं कोरल काढणं गुन्हा आहे. कोणी कानाशी येऊन म्हणाला, की मालवणहून गुपचूप आणलंय, लावून द्या, तर मी उंबऱ्यातूनच मागे फिरते. कागद असलेलं, बाहेरून आलेलं कोरल असलं तरच हात लावते, आणि कागदसुद्धा उलटसुलट करून बघते.

आता काशीद. बीचकडे जाणाऱ्या रस्त्याला म्हात्रेसाहेबांचं घर आहे. साहेब जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधलं, मागच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या आणि दिवाणखान्यात भिंतभर टाकी बसवली. सीझनमध्ये सकाळी ते मुरूडला बाजाराला जातात, मग पाहुण्यांना जीपमध्ये घालून जंजिऱ्याच्या होड्यांपर्यंत सोडतात, आणतात. घरी टेकतात ते संध्याकाळीच. चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायचं हे त्यांचं सुख. म्हात्रेवहिनी स्वयंपाक बघतात. खोल्या झाडणं, चादरी बदलणं हे हिरूचं काम. ती तिथल्याच कोळीवाड्यातली, नवरा बोटीवर खलाशी. सकाळी म्हात्र्यांकडे आणि दुपारनंतर आणखी दोन-तीन घरी तिचं हेच काम चालायचं.

बाहेरच्यांना एक सांगायला हवं. काशीदला पर्यटकांच्या खोल्या झाडणाऱ्या बाईच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो. खोलीत लोकांच्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात, कधी उशीखाली पाकीट, कधी बाथरूममध्ये अंगठी. त्या बाईचं कामावरचं सगळं वजन त्या जुडग्यात. एकदा तिचं नाव खराब झालं की तिला चावी कोणी देत नाही.

एक दिवस साहेब सकाळी घरीच होते, आणि त्यांचा मला फोन आला. "शैलाताई, आत्ताच्या आत्ता या. चोरी झाली आहे."

मला वाटलं पंप गेला. जाऊन बघते तर साहेब टाकीसमोर मोबाइल धरून उभे. मोबाइलवर टाकीचाच जुना फोटो. त्यात मधोमध त्यांचं लाडकं कोरल, ताटलीसारखं पसरट, पिकल्या जांभळासारखं गर्द. आणि टाकीत त्याच जागी, त्याच आकाराचं, पण पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं.

"बघा," साहेब म्हणाले. "हा तो पीस नाही. बदललाय. आणि हे बघा, इथे कडेला पांढरं. उपटताना कडा तुटलीय. मी इंजिनियर आहे ताई, उपटलेली वस्तू मला कळते."

"कोणी बदलला?"

साहेबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. तिथे हिरू उभी होती, कडेवर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन. तिचा भाचा पनवेलला माशांच्या दुकानात काम करतो. महिन्यापूर्वी तो मावशीला भेटायला आला होता आणि टाकीसमोरून हलत नव्हता, हे साहेबांनी मला तिच्यादेखतच सांगितलं.

"साहेब, मी कनाला नेऊ तो?" हिरू म्हणाली. "मना काय त्याचा कालवण करायचाय?"

"मग टाकीला हात लावतेस की नाही तू? खरं सांग."

यावर तिने लगेच नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिने आत वहिनींकडे बघितलं. वहिनी गॅसवरचं काहीतरी ढवळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग हिरू गप्पच राहिली. साहेबांनी तिच्याकडून चाव्या मागून घेतल्या. तिने गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली.

"आता तुम्ही सांगा," साहेब मला म्हणाले. "हा तोच पीस आहे का? तुमच्या शब्दावर ठेवतो. तोच असेल तर मी तिला परत बोलावतो. नसेल तर पोलिसात जातो."

मला ही जबाबदारी नको होती. कडेच्या पांढऱ्या पट्ट्याचं मला कळलं होतं. शेजारी लांब बोटांचं एक कोरल होतं, टॉर्च म्हणतात त्याला, ते वाढून जवळ आलं होतं आणि डसलं होतं. उपटल्याची ती खूण नव्हती. पण तपकिरी रंगाला कारण लागतं, आणि कारण मला सापडेना. पाणी तपासलं, ठीक. मीठ ठीक. दिवे नवे. साहेबांना म्हटलं, थोडे दिवस द्या, तोवर पोलीस नको.

मग माझी नजर टायमरवर गेली. टाकीचे दिवे एका गोल चकतीच्या टायमरवर लागतात आणि विझतात. चकती विजेवरच फिरते, वीज नसेल तेवढा वेळ थांबून राहते आणि मागे पडते. गेले काही महिने दर खेपेला हा टायमर मागे पडलेला असायचा आणि मी दर खेपेला तो पुढे करून ठेवायचे. आपल्याकडे लाइट जाते, त्यात नवल काय. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की म्हात्र्यांकडे इन्व्हर्टर आहे आणि टाकी त्याच्यावर आहे. गावाची लाइट गेली तरी हा टायमर थांबायला नको. म्हणजे कोणीतरी भिंतीवरचं बटण दाबून दिवे बंद करत होतं.

खरं सांगते, पहिला संशय हिरूवरच गेला. ती गप्प का बसली हे मला खटकत होतं. चोरी तिने केली नसेल, पण काहीतरी केलंय खास. साहेबांचाही संशय आला, वीजबिलाच्या पायी स्वतःच बंद करत असतील आणि मान्य करत नसतील. पाहुण्यांची पोरंही मी सोडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले. हिरू अंगणात बसून सुकत घातलेल्या वाकट्या, त्या पट्टीसारख्या लांब माशांच्या, उलटत होती. मी सरळ विचारलं, टाकीचे दिवे तू बंद करतेस का?

तिने हात थांबवला नाही. "मी काय बोलायची न्हाय, ताई."

"अगं, तुझ्यावर चोरीचा आळ आलाय. दुसऱ्या घरीपण कळलंय."

"कळलाय. कालच दोघींनी सांगतलान, नको येऊ म्हनून." तिने एक वाकटी उचलून बाजूला टाकली. "पन बोलली तर वाईट होते."

"कोणाचं?"

"बोलेल त्याचा," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला उठली. पाणी दिलं, पण पुढे एक शब्द नाही. मी चिडून परतले. निर्दोष माणूस असा वागत नाही, असं मी रिक्षात नवऱ्याला म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, निर्दोष माणूस कसा वागतो हे तुला कसं माहीत, तुला अजून एकही भेटलेला नाही.

माझी म्हात्र्यांकडे जायची वेळ ठरलेली असते, आधी फोन करून जाते. त्या आठवड्यात मी ठरवून न सांगता गेले, भर सकाळी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. साहेबांची जीप नव्हती. दिवाणखान्यात पुण्याकडचं एक कुटुंब पोहे खात बसलं होतं. आणि त्यांच्या मागे, भिंतभर, टाकीवर एक फुलाफुलांची डबलबेडची चादर घातलेली. दिवे बंद. पाहुण्यांपैकी एक आजोबा मला म्हणाले, "केबलवाल्या का तुम्ही? बघा हो जरा, टीव्ही लावतच नाहीत."

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनींनी मला बघितलं आणि झारा खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी आधी बाहेरचं दार लोटलं. मग हळू आवाजात सांगितलं. सीझनच्या सुरुवातीला एक बाई उतरली होती. टाकीसमोर उभी राहून म्हणाली, अगं बाई, असं मी उभ्या जन्मात बघितलं नाही. पुन्हा पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी टाकीतली लाल पट्ट्यांची कोळंबी मेलेली दिसली. आत काही नाही, नुसतं साल.

"वहिनी, कोळंबी कात टाकते. साल सोडून ती दगडामागे लपते, अंग कडक होईपर्यंत. ती आहे अजून टाकीत."

"दिसली ना नंतर," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हीच गुपचूप दुसरी आणून टाकलीत, बोलणी बसू नयेत म्हणून."

वहिनी पुढे सांगत राहिल्या. त्यांनी हिरूला विचारलं. हिरूने मीठ, मोहरी, मिरच्या टाकीवरून ओवाळल्या आणि मागच्या अंगणात जाळल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागलेलीच. मग हिरू म्हणाली, पाहुणे असले की झाकून ठेवू, दिसलं नाही तर नजर कशाला लागेल. रोज साहेब बाहेर पडले की ती दिवे घालवायची आणि बदललेल्या चादरींतली एक टाकीवर घालायची. संध्याकाळी साहेबांच्या आधी वहिनी ती काढायच्या, दिवे लावून टायमर अंदाजाने पुढे करायच्या; हिरू गेल्यापासून चादर घालायचं कामही त्याच करत होत्या. आणि दृष्ट काढल्याचं कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं तर उतरलेलं परत येतं, सांगणाऱ्यावर.

म्हणजे भर दिवसाचा सगळा उजेड त्या चादरीने खाल्ला होता. कोरल तपकिरी झालं ते त्याने, आणि अंधाराला सोकावलेल्या टॉर्चने शेजाऱ्याला गाठलं तेही त्यानेच.

"हिरूवर आळ आला तेव्हा तुम्ही तिथेच होतात," मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. "ती दृष्टीचा नेम पाळून गप्प बसली. तुम्ही का गप्प बसलात?"

"ह्यांना असलं आवडत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधली होती तर तोडून फेकली." वहिनींनी पदराने ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, तिने खरंच नेलं असेल तर? चादरीआड काय चालतं मला काय माहीत."

त्या संध्याकाळी साहेब आले तेव्हा मी थांबले होते. वहिनींसमोरच सगळं सांगितलं. साहेबांनी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "घालतो कधीमधी चादर." कधीमधी. मी त्यांच्याकडे बघत राहिले, पण त्यांनी शब्द बदलला नाही.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचं म्हणणं, उजेड मिळाला की हाच पीस परत जांभळा होईल."

"होईल. काही महिने जातील."

"होईलच. तेवढ्यात ही गोष्ट कोळीवाड्यात पोचेल, तिथून पनवेलला. तो पोरगा घाबरेल. मूळ पीस कोणीतरी परत आणून ठेवेल, आणि मग तुम्ही मला सांगाल, बघा साहेब, रंग आला." 'कोणीतरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. टाकीत हात घालणारी मी एकटीच होते.

मला खूप लागलं ते. एवढी वर्षं मी त्या घरात येत होते. पण चिडायच्या आधी मला दुसरंच जाणवलं, ते म्हणजे त्यांच्या जागी मी असते तर अगदी हेच म्हणाले असते. तो रंग सगळा परत आला असता, तरी हिरू चोरच राहिली असती, उलट आणखी पक्की. मी रात्रभर यावर विचार केला नाही, कारण मला तिथेच उभ्या उभ्या सुचलं. संशयी माणसाला कसं पटवायचं ते संशयी माणसालाच कळतं.

"साहेब, ह्या ताटलीची एक बाजू निवडा. डावी की उजवी?"

"का?"

"निवडा तर."

"डावी."

रिक्षात काळ्या जाड प्लास्टिकचा एक तुकडा होता. तो कापून मी त्याला पाय केले आणि कोरलच्या डाव्या अर्ध्या भागावर छपरासारखा उभा केला. पाणी खालून खेळेल, पण उजेड पडणार नाही. टॉर्चला उचलून लांबच्या कोपऱ्यात बसवलं. "आता ह्या बाजूला उजेड, त्या बाजूला अंधार," मी म्हणाले. "हे छप्पर तुम्ही हलवू नका, मीही हलवणार नाही. तुमचा पीस कोणी बदलून आणलाच, तर असा अर्धाअर्धा कुठून आणेल ते तुम्हीच मला सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मान डोलावली. चादर त्या दिवसापासून बंद झाली. वहिनींनी टाकीमागे, कोणाला दिसणार नाही अशी, काळ्या दोऱ्यात एक बिब्बा बांधला. मी तो बघितला आणि राहू दिला. बिब्ब्याने उजेड अडत नाही.

मग वाट बघणं. माझ्या धंद्यात निम्मं काम हेच आहे आणि तेच कोणाला पटत नाही. हिरूचं सगळीकडचं काम सुटलं होतं. मुरूडच्या बाजारात ती सुकी मासळी घेऊन बसायला लागली. मी समोरून जायचे, ती मान खाली घालून वाटे सारखे करत बसायची. एकदा मी थांबून म्हटलं, थोडी कळ काढ, मी खटपट करतेय. ती म्हणाली, "बोंबील घेनार काय?" घेतले. तिने पिशवीत भरून दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच ओरडले.

आधी उजवीकडच्या कडेला एक बारीक जांभळी रेघ आली. इतकी बारीक, की साहेब म्हणाले दिव्याचा भास आहे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या झाल्या, साहेब दिवसभर घरी, आणि टाकीसमोरून उठेनात. रेघ रुंद होत गेली. गणपती येऊन गेले तोवर ताटलीची उजवी बाजू पुरती गर्द झाली होती, आणि काळ्या छपराखालची डावी तशीच पुठ्ठ्यासारखी. मधे दोन्ही रंग एकमेकांत विरलेले.

साहेबांनी समोरून बघितलं, बाजूने बघितलं, स्टुलावर चढून वरून बघितलं. मग मला म्हणाले, "दोन तुकडे चिकटवले असतील तर?"

मला हसू आलं. त्या प्रश्नाचा मान राखायलाच हवा होता. "हात धुवा आणि स्वतः सांधा शोधा."

या माणसाने आयुष्यभर जहाजांचे सांधे तपासले होते. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते बोटांच्या टोकांनी, अगदी अलगद, मधली जागा चाचपत राहिले. मी घड्याळाकडे बघत नव्हते, पण वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, आत गेल्या, पुन्हा आल्या, एवढा वेळ. शेवटी त्यांनी हात बाहेर काढला आणि टॉवेल न घेता तसेच उभे राहिले.

"सांधा नाही," ते म्हणाले.

ते स्वतः जीप घेऊन कोळीवाड्यात गेले. जीपमध्ये हिरू बसली नाही. ती मागून चालत आली, डोक्यावर रिकामी टोपली, आणि पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत आली.

"हिरू, चूक झाली माझी," साहेब म्हणाले. त्यांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर तिच्याकडे सरकवला. "उद्यापासून ये."

हिरूने चाव्यांना हात लावला नाही. "तुमाला ठाव नव्हता, साहेब. मी चोर न्हाय ह्या मना ठाव होता, न आनि एका मानसाला ठाव होता." तिने वहिनींचं नावही घेतलं नाही. "मना चावी नको. तुमी जिथं जिथं बोललाव तिथं जावा न सांगा. सगल्या घरी. बाजारात पन."

"जातो," साहेब म्हणाले.

"एकले नका जाऊ. ज्याला आधीपासून ठाव होता त्यालापन न्या."

वहिनींच्या हातात चहाची कपबशी होती. त्यांनी ती खाली ठेवली. "माझ्यावर काय उलटायचं ते उलटू दे," त्या म्हणाल्या, आणि मग साहेबांकडे तोंड करून म्हणाल्या, "रोज घालत होतो चादर. कधीमधी नाही. रोज." इतकं बोलून त्या चपला शोधायला बाहेर गेल्या. साहेब त्यांच्या मागून गेले. जीप सुरू झालेली आम्ही आतून ऐकली.

मी आणि हिरू दोघीच राहिलो. रोज चादर घालणारी ती, पण टाकी अशी निवांत तिने कधी बघितली नसावी. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघू लागली. लाल पट्ट्यांची कोळंबी दगडावर येऊन मिशा हलवत होती. हिरूने बोटाने काच न शिवता काळं छप्पर दाखवलं.

"ताई, यो काला काय हाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. अर्ध्याला उजेड दिला, अर्धा मुद्दाम अंधारात ठेवला, तो तसा ठेवला म्हणून साहेबांना पटलं. सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू.

ती बराच वेळ त्या तपकिरी बाजूकडे बघत होती. "म्हंजे माझ्यासाठी याला एवढं दिस कालोखात ठेवलाव?"

"हो."

"मंग आता काढा तो," ती म्हणाली. "त्याचा काय गुन्हा?"

मी बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि छप्पर काढून घेतलं.